कात्री खरी आहे, पण गोळी थांबवू नका

या वेळचं पत्र एका आईचं आहे. थोडं आवरून देते आहे.

"डॉक्टर, आमची मुलगी १६ वर्षांची आहे. थॅलेसेमिया मेजर. जन्मल्यावर पहिले सहा महिने चांगली गुटगुटीत होती, मग पांढरीफटक पडत गेली. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. मोठ्या मुलाची बोन मॅरोसाठी तपासणी केली, जुळलं नाही. मध्यंतरी तिने जीन एडिटिंगवरचा एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा बाळासाठी सहा महिन्यांत खास औषध तयार केलं म्हणे. दोन दिवस ती नुसती उड्या मारत होती. परवा कपाट आवरताना लोह काढायच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली, चार महिन्यांची. विचारलं तर म्हणाली, 'जीनच दुरुस्त होणार आहे, मग या कशाला?' इकडे तिच्या बाबांना एका परदेशी केंद्राचा मेसेज आलाय. एका इंजेक्शनात थॅलेसेमिया बरा, केमोथेरपी नाही, सात दिवसांत आगाऊ रक्कम भरली तर जागा राखून ठेवू. हे घर गहाण टाकायला निघालेत. हे सगळं खरं आहे का? आम्ही थांबायचं की पैसे भरायचे? आणि ती बरी झाली तर पुढे तिच्या मुलांना हा आजार होणार नाही ना?"

पैसे भरू नका. तुमच्या घरात सात दिवसांचं घड्याळ लागलेलं आहे, म्हणून हे सगळ्यात आधी. आता बाकीचं सावकाश वाचा, आणि जमलं तर तिघांनी एकत्र बसून वाचा.

तुमच्या मुलीने पाहिलं ते खोटं नाही. तिला कुणी "असलं काही नसतं, इंटरनेटवर काहीही दाखवतात" असं सांगितलं असेल तर ते चुकलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी जनुक, म्हणजे जीन, कापून बदलणाऱ्या उपचाराला जगात पहिल्यांदा मान्यता दिली, ती सिकल सेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या दोन आजारांसाठीच. अमेरिकेने त्याच डिसेंबरात सिकल सेलसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी दिली. उपचाराचं नाव कॅसगेव्ही. मान्यता मिळाली तेव्हा वयाची अट १२ वर्षं पूर्ण अशी होती. चाचणीत ज्या ३५ थॅलेसेमिया रुग्णांवर पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं, त्यांतल्या ३२ जणांना सलग वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ रक्ताची एकही पिशवी लागली नाही. दर तीन आठवड्यांनी शीर शोधणारी नर्स, हातावरचे काळेनिळे डाग, बुडलेली शाळा हे ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय, त्यांना या एका वाक्याचा अर्थ मी समजावून सांगायला नको.

हे जमलं कसं, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय, पहिले सहा महिने ती गुटगुटीत होती. आजार तर तिच्यात पहिल्या दिवसापासून होता. मग त्या महिन्यांत तिला कुणी सांभाळलं? गर्भातल्या हिमोग्लोबिनने. पोटातलं बाळ वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन वापरतं आणि त्याचं जनुकही वेगळं असतं. तुमच्या मुलीचं ते जनुक ठणठणीत आहे. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बंद करतं आणि मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन सुरू करतं. तिचं नेमकं हे दुसरं बिघडलेलं, म्हणून ती फिकी पडली. पहिलं बंद करण्याचं काम बीसीएल११ए नावाचं जनुक करतं. कॅसगेव्हीत शास्त्रज्ञ बिघडलेल्या जनुकाला हातच लावत नाहीत. या बीसीएल११एला लाल पेशींच्या घडणीत जिथून चालना मिळते, तेवढीच जागा कापतात. चालना तुटली की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. म्हणजे तिच्याच शरीरात निजून राहिलेली एक गोष्ट जागी करायची. मला हा विचार फार सुंदर वाटतो, आणि इतकी वर्षं हे काम करून माझं ते नवल ओसरलेलं नाही. थॅलेसेमियाच्या चुका शेकडो प्रकारच्या असतात. प्रत्येकीसाठी वेगळं औषध करायला गेलो असतो तर पिढ्या गेल्या असत्या. ही एक चालना तोडली की बहुतेक सगळ्यांना एकाच वाटेने जाता येतं.

कात्रीबद्दलही थोडं सांगते, कारण "जीन दुरुस्त होणार" या शब्दांनी तुमच्या मुलीच्या मनात बहुतेक वेगळंच चित्र उभं केलंय. ही क्रिस्पर नावाची जनुक कापणारी कात्री मुळात जिवाणूंची. विषाणू हल्ला करतो तेव्हा जिवाणू त्याच्या डीएनएचा तुकडा स्वतःजवळ नोंदवून ठेवतात, आणि तोच विषाणू परत आला की नोंदीशी ताडून त्याला कापतात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पाँटिए यांनी २०१२ मध्ये दाखवलं की ही नोंद आपल्याला हवी तशी लिहिता येते, म्हणजे कात्री आपण सांगू त्या जागी नेता येते. त्यासाठी दोघींना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण कात्री कापते फक्त. कापलेली टोकं पेशी स्वतः घाईघाईने जोडते आणि जोडताना तिथे काही अक्षरं गळतात किंवा भलतीच घुसतात. एखादी गोष्ट बंद पाडायची असेल तर हे पुरतं. चुकलेलं अक्षर सुधारायचं असेल तर पुरत नाही.

'दिन' म्हणजे दिवस. वेलांटी उलटली की 'दीन' होतं आणि सगळा अर्थ फिरतो. सिकल सेलमध्ये असंच होतं, एकच अक्षर चुकलेलं असतं. तेवढ्यासाठी कागद फाडून चिकटवायचा नसतो, ती वेलांटी तेवढी पुसून नीट काढायची असते. असं एकेक अक्षर बदलणारं साधन डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये केलं, आणि २०१९ मध्ये छोटा शब्दच काढून नवा लिहिता येईल असं पुढचं. तुमच्या मुलीने पाहिलेल्या बाळाचं औषध या पहिल्या, म्हणजे अक्षर बदलणाऱ्या जातीचं होतं.

त्या बाळाची गोष्ट खरी आहे. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला पहिला डोस दिला. त्याच्या यकृतात एक विकर (एन्झाइम) बनत नव्हतं, त्यामुळे प्रथिनं पचताना निघणारा अमोनिया रक्तात साठायचा आणि मेंदूवर जायचा. निदान झाल्यापासून सहा महिन्यांत फक्त त्याच्या चुकीसाठी औषध घडवलं गेलं. तीन डोसांनंतर तो जास्त प्रथिनं पचवू लागला, बाकीची औषधंही कमी करता आली. त्याच्या डॉक्टरांनी मात्र "पूर्ण बरा झाला" हा शब्द वापरला नाही, त्याच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागेल असं सांगितलं. मी या डॉक्टरांना मानते, औषधाइतकीच त्यांच्या या जपून बोलण्यासाठी.

मग तसंच इंजेक्शन तुमच्या मुलीला का नाही? कारण ते औषध चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरून शिरेतून देतात, आणि या गोळ्या आपोआप यकृतात जमा होतात. बाळाचा बिघाड यकृतात होता, पत्ता आयताच मिळाला. तुमच्या मुलीचा बिघाड हाडांच्या आत, मज्जेतल्या मूळ पेशींत आहे. तिथे शिरेतून नेमकं औषध पोचवणं अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. म्हणून आज रक्ताच्या आजारात पेशी बाहेर काढाव्या लागतात, बाहेर कापाव्या लागतात आणि परत घालाव्या लागतात. "एकच इंजेक्शन, केमोथेरपी नाही" असं थॅलेसेमियासाठी जे केंद्र आज विकतंय, ते मान्यता मिळालेला जनुक उपचार विकत नाहीये. त्या बाबांच्या मेसेजमध्ये काय भरलेलं आहे ते मी न पाहताही एवढं म्हणू शकते.

खरा उपचार कसा असतो हे वाचा, म्हणजे फरक कळेल. आधी औषधं देऊन मूळ पेशी मज्जेतून रक्तात आणतात आणि यंत्रातून गाळून घेतात. पुरेशा मिळाल्या नाहीत तर पुन्हा, कधी तिसऱ्यांदा. त्या कारखान्यात जातात, तिथलं काम आणि तपासण्या यांत सहा महिन्यांपर्यंत जातात. मग मुलीला रुग्णालयात दाखल करून बुसल्फान नावाची तीव्र केमोथेरपी देतात. जुनी मज्जा रिकामी झाल्याशिवाय नव्या पेशींना बसायला जागा नसते. केस जातात. तोंड सोलवटतं, गिळवत नाही. त्यानंतर कापलेल्या पेशी शिरेतून परत. नवी मज्जा धरेपर्यंत चार ते सहा आठवडे रुग्णालयात, त्यात काही दिवस असे की साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. बाहेर आल्यावरही १५ वर्षांपर्यंत तपासण्या. कात्रीपेक्षा मला या केमोथेरपीची धास्ती जास्त वाटते, आणि ही धास्ती ज्या घराने समजून घेतलेली नाही त्या घराला मी या उपचारासाठी तयार मानत नाही.

किमतीचंही सांगायला हवं. अमेरिकेत या एका उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे, रुग्णालयाचा खर्च वेगळा. ही किंमत मला बोचते. हे दोन्ही आजार जिथे सर्वाधिक आहेत, त्याच देशांपासून तिने उपचार दूर ठेवलाय. त्यावर जगभर काम चाललंय: केमोथेरपीऐवजी सौम्य औषध, मज्जेपर्यंत थेट पोचणाऱ्या गोळ्या, स्वस्त उत्पादन. यांतलं काय आधी जमेल हे मी सांगणार नाही. कुणी छातीठोकपणे साल सांगत असेल तर त्याच्यावरही विसंबू नका.

आता लोह काढायच्या गोळ्यांकडे येते. या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटली, मेसेजपेक्षाही.

रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकू शकतं. चार महिन्यांत तिला निदान पाच-सहा वेळा रक्त मिळालं असणार. दर वेळी एकच पिशवी धरली तरी ग्रॅमभर लोह आत गेलं आणि बाहेर जाण्याची वाट बंद होती. ते यकृतात साठतं, हृदयात साठतं, आणि वाढीची-पाळीची संप्रेरकं सोडणाऱ्या ग्रंथीत साठतं. दुखत नाही. मुलगी हसतखेळत असते. म्हणून तर गोळी न घेण्याची शिक्षा तिला जाणवली नाही.

आणि ज्या उपचाराच्या भरवशावर तिने गोळ्या ठेवून दिल्या, तोच उपचार हृदयातलं लोह पाहून ठरतो. ज्यांच्या हृदयात लोह फार साठलं होतं किंवा यकृत फार खराब झालं होतं, अशांना चाचणीत घेतलंच नव्हतं. बुसल्फान सोसायला हृदय आणि यकृत धड हवं. माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाला बऱ्याच शोधानंतर बोन मॅरोचा दाता मिळाला होता. दाता तयार, तारीख जवळ आली, आणि एमआरआयमध्ये हृदय लोहाने भरलेलं निघालं. कॉलेजच्या वर्षांत त्याने गोळ्या सोडल्या होत्या, घरी कुणाला पत्ता नव्हता. पुढची दोन वर्षं पोटाला लावलेल्या पंपातून लोह काढण्यात गेली. तो वाचला आणि नंतर प्रत्यारोपणही झालं, पण त्या दोन वर्षांत त्याच्या आईचं झालेलं तोंड मला अजून दिसतं. त्या वेळी मी त्याला गोळ्यांबद्दल फक्त "घेतोस ना?" एवढंच विचारत होते. आता पाकीट आणायला सांगते.

आणखी एक, हे व्हिडिओत सहसा नसतं. कॅसगेव्ही यशस्वी झाल्यावरही आधी साठलेलं लोह काढावंच लागतं, गोळीने किंवा अधूनमधून थोडं रक्त काढून. जनुक बदललं म्हणून हृदयातलं लोह नाहीसं होत नाही.

बाबांसाठी थोडं. मला त्यांचा राग येत नाही. सोळा वर्षं मुलीला सुया टोचताना पाहिलेला माणूस घर गहाण टाकायला निघतो, यात वेडेपणा काही नाही. पण त्या केंद्राला लेखी विचारा. या उपचाराला कोणत्या देशाच्या औषध नियंत्रकांनी, कोणत्या नावाने, कधी मान्यता दिली? चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय? खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या औषधासाठी रुग्णाकडून सहसा पैसे घेत नाहीत. मुलीचे रिपोर्ट, हृदयाचा एमआरआय, यकृताची तपासणी यांतलं काही न मागता जागा कशी काय राखून ठेवताय? १५ वर्षं लक्ष कोण ठेवणार? उत्तराऐवजी "ऑफर संपतेय" असं आलं तर तेच उत्तर समजा.

या क्षेत्राने घाईची किंमत मोजलेली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत जनुक उपचाराच्या चाचणीत १८ वर्षांचा एक मुलगा दगावला. पुढे काही वर्षांत फ्रान्समध्ये प्रतिकारशक्तीच्या आजारातून बऱ्या झालेल्या लहान मुलांपैकी काहींना त्याच उपचारामुळे रक्ताचा कर्करोग झाला. तेव्हाची साधनं आजच्यापेक्षा बोथट होती, हे खरं. आजची कात्रीही भलत्या जागी कापू शकते, म्हणूनच एवढ्या तपासण्या आणि एवढी वर्षांची नोंद. २०२५ मध्येसुद्धा यकृतावरच्या एका क्रिस्पर औषधाची मोठी चाचणी एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्यावर थांबवावी लागली. उशीर होतोय तो याच्यामुळे, आणि तो उशीर तुमच्या मुलीच्या बाजूचा आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांना धक्का देतं. या उपचाराने बदलतात त्या फक्त मज्जेतल्या पेशी. स्त्रीबीजं आहेत तशीच राहतात. ती पूर्ण बरी झाली तरी तिच्या प्रत्येक मुलाला तिच्याकडून बिघडलेलं एक जनुक जाणारच. जोडीदार थॅलेसेमिया मायनर, म्हणजे एकच बिघडलेलं जनुक असलेला वाहक, नसेल तर मुलं फक्त वाहक होतील, चांगली धडधाकट. तो मायनर असेल तर दर गरोदरपणात मेजरची शक्यता निम्मी. हे एका साध्या रक्ततपासणीत आधीच कळतं आणि गर्भाची तपासणीही करता येते. त्यासाठी गर्भाचं जनुक बदलायची गरज नाही. २०१८ मध्ये चीनमध्ये 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाने तसं करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, जगभर संताप झाला आणि २०१९ च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची कैद झाली. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, आणि झालेली चूक पुढच्या पिढ्यांत जाऊ शकते. याबाबत माझं मत पक्कं आहे, हा रस्ता आज बंदच हवा.

मात्र बुसल्फानने बीजांडकोश निकामी होण्याचा धोका मोठा असतो. कधीकाळी हा उपचार ठरला तर त्याआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याबद्दल बोलावंच लागेल, आणि तिच्यासमोर बोलावं लागेल. १६ वर्षांच्या मुलीला बाहेर बसवून हा निर्णय घेऊ नका.

भावाचं जुळलं नाही म्हणून प्रत्यारोपणाची फाइल कायमची मिटवू नका. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच असते, दात्यांच्या नोंदणीत बाहेरचा कुणी मिळू शकतो. थॅलेसेमियातली प्रत्यारोपणं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होत आहेत, त्यांचा अनुभव कात्रीपेक्षा कितीतरी मोठा आहे. वय आणि लोह वाढतं तशी त्यांची जोखीमही वाढते, त्यामुळे हा विषय तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांपुढे याच महिन्यात काढा. त्यांना चार महिन्यांचं खरं सांगा आणि फेरिटिन या शरीरातल्या लोहसाठ्याच्या रक्ततपासणीबरोबर हृदय व यकृताच्या लोहाचा एमआरआय मागा. गोळ्या आपल्या मनाने दुप्पट करून भरपाई करू नका. डोस डॉक्टर ठरवतील, आधी मूत्रपिंड-यकृताची तपासणी लागेल.

आता तुझ्याशी बोलते, आईला जरा बाजूला होऊ दे.

तू व्हिडिओ पाहिलास आणि विश्वास ठेवलास, ते बरोबर केलंस. जिवाणूंची ही कात्री हाती घेतल्यापासून पहिल्या मान्यतेपर्यंत ११ वर्षं लागली. या विषयात ती फार थोडी आहेत. तू आज १६ ची आहेस. तुझ्या आयुष्यात या साधनांचं पुढचं रूप येईल असं मला मनापासून वाटतं, आणि ते येईल तेव्हा तुझं हृदय त्याला पुरं पडावं असंही वाटतं. तू गोळ्या लपवल्यास, त्यामागे आळस नव्हता, मला माहीत आहे. रोज ती गोळी घेणं म्हणजे रोज आजारी असल्याचं कबूल करणं, आणि कधीतरी त्याचा वीट येतो. मळमळ होते का? वेळ जमत नाही का? मैत्रिणींसमोर नको वाटतं का? गोळीचे प्रकार वेगवेगळे आहेत, पाण्यात विरघळवायची जमत नसेल तर नुसती गिळायची मिळते. डॉक्टरांना खरं कारण सांगितलंस तर मार्ग निघतो. "विसरले" म्हणालीस तर निघत नाही.

एमआरआय झाला की हृदयाच्या लोहाचा आकडा, ज्याला टीटूस्टार म्हणतात, तो स्वतः वाचून घे. तो जितका मोठा तितकं हृदय मोकळं, आणि २० च्या वर असला तर छान. मला पुढचं पत्र तुझ्या हातचं हवंय. त्यात तो आकडा लिही, आणि गोळी का नको वाटते तेही.